पिंपातला नीरफणस

पिंप अंबडच्या भंगारातलं, साडेतीनशे रुपये.
झाकणावर लाल कवटी, अर्धी खरवडलेली.
आठ दिवस पाणी भरलं, ओतलं.
नवव्या दिवशी आत नाक घालून बसले,
मग सळई तापवून बुडाला सात भोकं पाडली.

रोप तुळसकरांनी पाठवलेलं.
कोल्ड स्टोरेजला कॉम्प्रेसर बघायचे, सात हंगाम बघितला.
आठव्या डिसेंबरात म्हणाले, "माका ही थंडी सोसणा नाय,"
आणि हिशेब घेऊन वेतोऱ्याला निघून गेले.
मार्चात एसटीच्या पार्सलातून हे आलं,
ओल्या पोत्यात गुंडाळलेलं, बोटभर खोड, दोन पानं
आणि चिठ्ठी: ह्याला बी नसतं. मुळातून येतं.
मी चिठ्ठी उलटून पाहिली.
मागे किराण्याची यादी होती.

सिडकोत नीरफणस कुणी पाहिलेला नाही.
खैरनार मामी म्हणाल्या, पपई का गं?
त्यांचा नातू म्हणाला, डायनासोरचा पंजा.
सचिव आहेर म्हणाले, "ओली माती अडीचशे किलो भरते, ताई,
स्लॅबचा काही विचार?"
केला विचार. दोन पोरांना मिसळीचे पैसे देऊन
पिंप बीमवर सरकवलं, खाली चार विटा.
काळी माती नको, ती पाणी सोडत नाही.
वाळू, नारळाची भुशी, शेणखत,
आणि ऑक्टोबर छाटणीच्या काड्यांचा कुजका भुगा.
इथली म्हणून तेवढीच ओळख.

कंटेनर म्हणजे आमच्याकडे चाळीस फुटी, रॉटरडॅमला जाणारा.
माझं काम गारवा राखायचं.
दर तासाला मण्याच्या पोटात काटा खुपसायचा,
रजिस्टरात आकडा: नऊ. चार. दीड.
शून्याला टेकलं की दार उघडतं.
मग मी घरी येते, स्वेटर न काढता गच्चीवर चढते
आणि एका झाडाला ऊब देते.

तिसऱ्या जानेवारीत निफाडला पारा पाचावर आला.
बागाबागांत शेकोट्या, धूर पार ओझरपर्यंत.
मी झाडाला गोधडी पांघरली, आत साठचा बल्ब,
बल्बाला तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा आडोसा.
रात्रभर गच्चीवर पिवळा तंबू.
खालून जाणारे वर बघायचे.
एकीनं तर विचारलं, कोणतं व्रत?
तरी दोन पानं काळी पडलीच, सुपाएवढी.
फोन केला.
"थंडी लागता तेका."
"मग?"
बराच वेळ नुसता पंखा ऐकू आला.
जानेवारीत, पंखा.
"आसांदे. खालचा पडता, वरचा येता."

दर वर्षी विचारतात, धरला काय?
दर वर्षी मी नाही म्हणते.
तेही हं म्हणतात, आणि पंखा चालू राहतो.

ह्या फेब्रुवारीत सातही भोकांतून मुळं बाहेर आली,
एक तर बीमच्या चिरेकडे निघालेलं.
पिंप आडवं केलं, गड्डा ओढून काढला.
आत मुळं पिंपाचा आकार घेऊन बसली होती,
गोल गोल, स्वतःलाच बांधत.
करवतीनं चहूबाजूंनी चार बोटं छाटली.
चीक कोपरापर्यंत आला.
रॉकेलनं हात निघाले, ब्लाउज गेला.
मला वाटलं, मेलं आता.
तुकडे टाकवेनात,
म्हणून एक अंगठ्याएवढं मूळ डालड्याच्या डब्यात पुरलं,
आडवं, वरून पेरभर वाळू.

झाड मेलं नाही. रुसलं थोडं.
डब्याचं मी विसरूनच गेले होते.

काल वाळू फोडून काहीतरी वर आलंय,
तांबूस, मिटलेल्या नाकासारखं.
मी डब्यावर मार्करनं तारीख टाकली.
बॅचची सवय, हात थांबला नाही:
माल, वजन, तापमान.
वजनाला रेघ मारली.
तापमानापुढे काय लिहावं कळेना.
काटा कामावर राहिलेला.
हाताची पाठ वाळूवर टेकवली
आणि बराच वेळ तशीच ठेवली.